फिश टँक विकताना त्याचे वजनही सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकवर लेख आला होता. मासे कोणते घ्यावेत, पाणी किती दिवसांनी बदलावे, दिवा किती तास लावावा, सगळे नीट दिले होते. टाकी ठेवायची कशावर, याला मात्र एकच वाक्य मिळाले: 'मजबूत टेबलावर ठेवावी.' मी अमळनेरचा सुतार आहे. त्या 'मजबूत' शब्दाबद्दल मला लिहायचे आहे.

गेल्या चैत्रात रात्री साडेअकराला फोन आला. "मामा, टाकी फुटी गई. घरमा पानीच पानी शे." मुलगा आमच्या गल्लीतला, लहानपणापासून मला मामा म्हणतो. गेलो तर हॉलभर पाणी, काचा आणि वाळू. चार फुटी टाकी होती. खालचे स्टँड तयार घेतलेले, पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, वरून सागवानी रंगाचा कागद चिकटवलेला. फिल्टरच्या पाइपातून थेंब थेंब पाणी झिरपून बोर्ड तळाशी फुगला होता. फुगलेल्या भुशात स्क्रू धरणार कशाला? सगळे स्टँड एका अंगाला कलले आणि टाकीची तळकाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेली. त्याच टाकीशेजारी त्याची मुलगी रोज रात्री पाट मांडून अभ्यास करते. त्या दिवशी ती लवकर झोपली होती. बादलीत वाचवलेले चार गोल्डफिश सकाळपर्यंत जिवंत होते, त्यांच्यापाशीच ती बसून राहिली.

दुकानात वजन कोणीच सांगत नाही, म्हणून इथे हिशेब मांडतो. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. वरचे दोन इंच रिकामे सोडले तर आत ११ घनफूट पाणी मावते. एका घनफुटात २८ लिटरहून थोडे जास्त, म्हणजे ३१० लिटर. एक लिटर पाणी एक किलो. १० मिलिमीटर काच चौरस मीटरला २५ किलो भरते, त्या हिशेबाने पाच काचांचे ६५ किलो होतात. वाळू-दगड ५० किलो धरा. झाले सव्वाचार क्विंटल. आपल्याकडे जिनिंगमध्ये रुईची गाठ १७० किलोची बांधतात. म्हणजे अडीच गाठी. घरातल्या टीव्हीच्या टेबलावर रुईच्या अडीच गाठी कोणी ठेवील का? टाकी मात्र ठेवतात, कारण पाणी आरपार दिसते आणि त्यामुळे हलके वाटते.

माझे वडील बैलगाड्या करायचे, बाभळीच्या. मला रंधा धरता येत नव्हता तेव्हापासून ते एक गोष्ट सांगत: "लाकूड लाकूडवर बसनं पाहिजे, खिळा नुसता धरी ठेवस." गावाकडची धाब्याची घरे आठवा. छतावर वीतभर माती आणि पावसाळ्यात ती भिजून आणखी जड. तरी शंभर-शंभर वर्षे ती उभी राहिली. मातीचे वजन कड्यांवर, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांवर, कड्यांचे तुळईवर, तुळई खांबाच्या डोक्यावर, खांब दगडी तळखड्यावर. वाटेत कुठेही वजन खिळ्याला लटकलेले नाही. टाकीच्या स्टँडचेही सगळे गणित एवढेच आहे. वरच्या चौकटीने पायांच्या डोक्यावर बसायला हवे. पायांच्या अंगाला चौकट चिकटवून बाहेरून स्क्रू मारले, की अडीच गाठी त्या स्क्रूंवर आल्या.

दुसरी चूक दांडा पालथा टाकण्याची. ती मी स्वतः केलेली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला ४ बाय २ इंचाच्या सागाची चौकट करून दिली, पण दांडे आडवे निजवून, दिसायला नाजूक दिसावे म्हणून. वर्षभरात मधोमध दोन सूत, म्हणजे पाव इंच, झोक आला. काच फुटली नाही, पण मला झोप लागेना. टाकी रिकामी करायला लावली, स्टँड परत आणले आणि पैसे न घेता नवे करून दिले. तोच दांडा ४ इंचाची बाजू उभी ठेवून लावला तर झोक चौथ्या हिश्शावर येतो. लाकूड तेवढेच आणि खर्चही तेवढाच.

आता भाच्याला जे स्टँड करून दिले ते सांगतो. पाय सहा, ३ बाय ३ इंचाचे. कोपऱ्यांना चार आणि लांबीच्या मधोमध पुढे-मागे एकेक, म्हणजे चार फुटांचा दांडा दोन-दोन फुटांत टेकला. वर उभ्या दांड्यांची चौकट, पायाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे लाकडाचीच खुंटी, काढून ते चौकटीच्या भोकात बसवलेले. पायांखाली दोन्ही बाजूंना लांबीभर एकेक रुंद पट्टी, बैलगाडीची धाव चिखलात रुतू नये म्हणून रुंद ठेवतात तशी. सगळे मिळून दोन घनफूट लाकूड लागले, वाया गेलेले धरून अडीच. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना १२ मिलिमीटरचा प्लाय, फेविकॉल आणि स्क्रू लावून. हा प्लाय शोभेचा नाही. सरळ खाली येणारे वजन पाय घेतात, पण स्टँड कडेला कलू न देण्याचे काम या पाठीचे आहे. पुढून दारे ठेवावीच लागतात, फिल्टर आत असतो, म्हणून उरलेल्या तीन बाजू बंद हव्यात. वर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो स्वतः बघून घ्यावा. नुसता ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा, शिक्का असलेला माल इथे नको.

लाकूड मी जुन्या लाकडाच्या वखारीतून घेतले. पडलेल्या धाब्याचा साग होता. सातपुड्याचा जुना साग, पन्नास उन्हाळे खाऊन वाळलेला, आता कुठे वाकायचा? नवे ओले लाकूड आपल्या वैशाखात पीळ खाते आणि दारे अडकतात. जुन्यात खिळे लपलेले असतात, करवत लावण्याआधी बोटांनी चाचपून काढावे लागतात. सालीजवळचा पांढरा भाग तासून टाकावा, कीड तिथूनच शिरते. सागाला अंगचे तेल असते, म्हणून सांध्यावर थिनरचे फडके फिरवूनच फेविकॉल लावावे. आणि पॉलिश आतल्या बाजूलाही मारावे. पाणी गळते ते आतच.

टाकीखाली अर्धा इंच जाडीचे थर्माकोल घातले, फळीवरच्या बारीकसारीक उंचवट्याने काच तडकू नये म्हणून.

आपल्या खान्देशातली वेगळी अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भराव टाकून बसवलेली फरशी वर्षभर एका पातळीत राहील याची खात्री नाही. एक पाय अधांतरी राहिला की तळकाच पिळते. म्हणून पाणसळ (पातळी बघायचे साधन) लावून स्टँड बसवायचे, टाकी अर्धी भरायची, एक दिवस थांबायचे आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजायचे. सारखे आले तर पुढे भरायची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढी टाकी ठेवू नये. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात असे मला एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने सांगितले, आणि ही टाकी आपल्या जागेपुरते साडेसातशे किलो टाकते. भिंतीलगत, खाली बीम असेल तिथेच तिला जागा.

आपल्या वृत्तपत्रातून दोघांना विनंती करायची आहे. टाकी विकणाऱ्यांनी तिच्या काचेवर भरलेल्या टाकीचे वजन किलोत लिहिलेली चिठ्ठी लावावी. त्याला एका चिठ्ठीपलीकडे खर्च नाही. आणि माझ्या सुतार भावांनी गिऱ्हाईक स्वस्तात मागते म्हणून टाकीसाठी पार्टिकल बोर्ड वापरू नये. कपाट मोडले तर कपडे खाली पडतात. इथे शेजारी लेकरू बसलेले असते.

भाच्याची नवी टाकी आषाढात भरली. मुलगी पुन्हा तिच्याशेजारीच अभ्यासाला बसते. पाऊस ओसरला की, दिवाळीच्या आधी, मी पाणसळ घेऊन एकदा जाणार आहे. काळ्या मातीवरचे घर आहे त्यांचे.

आपला नियमित वाचक,
एक सुतार, अमळनेर (जि. जळगाव)