इम्युनोथेरपीनंतरचे जुलाब अंगावर काढू नका

महोदय,

निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्यातल्या घरांना तोंडाचा कर्करोग अपरिचित नाही. त्यातल्या काही रुग्णांना आता निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणारे औषध दिले जाते. ही औषधे गाठीवर थेट घाव घालत नाहीत. कर्करोगपेशीवरचे पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशीवरच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवरच्या) पीडी-१ या प्रथिनाला चिकटले की टी-पेशी थंडावते. औषध पीडी-१ आधीच अडवून ठेवते. मात्र मोकळ्या झालेल्या टी-पेशी आतडे, फुप्फुस, थायरॉइडवरही उलटू शकतात, कधी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा. दिवसाला नेहमीपेक्षा ४ जुलाब जास्त, नवा कोरडा खोकला किंवा धाप दिसली, तर खानापूरच्या दवाखान्यातही आधी या औषधाचे नाव सांगा. नुसत्या जुलाब थांबवायच्या गोळीत मोलाचे दिवस जातात. अशा वेळी बहुधा स्टेरॉइड लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच तोडू नये. डॉक्टर साधारण ४ ते ६ आठवड्यांत डोस उतरवत आणतात.

— एक औषधनिर्माता, निपाणी