सोलरआधी घरातला पंखा बघा

संपादक महोदय, स.न.
छतावर सोलर लावायला सबसिडी देणाऱ्या पीएम सूर्य घर योजनेवरचा आपला लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण ३ किलोवॅटवर ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते ती स्वतःचं छत असणाऱ्यालाच, आणि आपल्या इंदूरच्या वस्त्यांमधे पत्र्याखाली भाड्याने राहणाऱ्यांनी काय करायचं ते त्यात कुठेच नाही.

खरं तर त्यांच्यासाठी मध्य प्रदेश सरकारची वीजबिलात सवलत देणारी अटल गृह ज्योती योजना आहे, महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं की पहिल्या १०० युनिटचं बिल फक्त १०० रुपये. पण उन्हाळ्यात मीटर १५० च्या वर गेलं की ही सवलतच जाते आणि बिल एकदम वाढतं. जुना पंखा ७५ वॅटचा, रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो, नवा २८ वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात साधारण १०. म्हणजे एका पंख्यामुळे घर १५० च्या आत राहू शकतं, पण हे अशा घरातल्या बाईला घरी येऊन सांगणार कोण?

अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्याच बायकांना एनर्जी ऑडिटर म्हणून तयार केलंय. त्या घरोघर जाऊन मीटर, बल्ब, पंखे बघतात आणि शेजारीण सांगते म्हणून लोक ऐकतात सुद्धा. नगर निगमने झोन ऑफिसात अशा संस्थांना एक टेबल द्यावं, विजेचं बिल आणि पक्क्या घरासाठीच्या आवास योजनेचा फॉर्म दोन्ही तिथेच बघून मिळावं, आणि हे मार्चच्या आत व्हावं.

– एक वाचक, इंदूर