चुकलेली नोट खोटी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दादरच्या भाजी बाजारात एका कॉलेजातल्या मुलीची शंभराची नोट माझ्या डोळ्यांदेखत परत झाली. नोटेवरून एक कोरी तिरपी पट्टी गेली होती. "नकली दिसतेय, दुसरी दे बाळा," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. मुलगी रडवेली झाली. सकाळीच तिने ती एटीएममधून काढली होती. मी नोट हातात घेतली, पट्टीच्या दोन्ही कडा चिमटीत धरून एकमेकींना भिडवल्या. कोरा भाग घडीत गेला आणि दोन्हीकडची नक्षी रेघेला रेघ जुळली. छापताना कागदाला चुणी पडली होती आणि चुणीच्या आत शाई पोचलीच नव्हती. नोट शंभर टक्के खरी. मावशींनी ती पुन्हा उलटसुलट पाहिली, पण घेतली नाही. त्यांना तरी दोष कसा देऊ? ती नोट पुढे कोण घेणार, ही त्यांची धास्ती खरीच होती. भाजीचे चाळीस रुपये मी दिले आणि मुलीला नोट जपून ठेवायला सांगितले.

मी एकतीस वर्षे एका सहकारी बँकेत कॅशियर होते, त्यातली बरीचशी लालबागमध्ये. गणपती झाले की मंडळांच्या दानपेट्यांतली चिल्लर आणि नोटा पोत्यांनी यायच्या. १९९८ साली अशाच दहाच्या नोटा मोजताना बोटाला काहीतरी अडले. पाहते तर नोटेच्या कोपऱ्याला पंखासारखा जादा कागद! साहेबांना दाखवली, त्यांच्या परवानगीने माझ्या पर्समधली दहाची नोट गड्डीत घातली आणि ही घरी आणली. संग्राहक तिला 'बटरफ्लाय' म्हणतात, हे मला पुढे फोर्टच्या फुटपाथवर जुन्या नोटा विकणाऱ्या एका काकांनी सांगितले. नोटा मोठ्या तावावर छापतात. तावाचा कोपरा कापणीच्या वेळी आत दुमडलेला राहिला, तर पाते त्याला चुकते आणि तो तुकडा नोटेलाच चिकटून बाहेर पडतो.

त्या दिवसापासून हा नाद लागला. चूक निरखून पाहिली की नोट कशी घडते ते उलगडत जाते, याचेच मला अप्रूप आहे. कापसाच्या कागदावर आधी ऑफसेटने पार्श्वभूमीचे फिके रंग, मग अंगठ्याला खरखरीत लागणारी इंटॅग्लिओची, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून उठावदार शाईची छपाई, नंतर नंबर आणि शेवटी कापणी. माझ्याकडे विसाची एक नोट आहे, तिचा डावीकडचा नंबर ५ वर संपतो आणि उजवीकडचा ६ वर. नंबर घालणाऱ्या यंत्रातले एखादे चाक अडकले की असे होते. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूरला शेतकऱ्यांना गांधीजींचे चित्रच नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या आणि एकच घबराट उडाली. चित्र इंटॅग्लिओत उमटते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चूक कुठे झाली असेल याचा अंदाज लगेच येतो. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या पाचशेच्या काही नोटांवर गांधीजींच्या चेहऱ्याची दुहेरी सावली आली होती. तेव्हा रिझर्व्ह बँकेने छपाईतला दोष मान्य केला होता, आणि अशी नोट खुशाल वापरा किंवा आमच्याकडे परत करा, असेही सांगितले होते. हे किती जणांच्या लक्षात राहिले?

नंबरात तारा असलेल्या नोटेचेही तसेच. प्रेसमध्ये सदोष निघालेली नोट बाजूला काढतात आणि शंभराच्या गड्डीत तिच्या जागी ताऱ्याची नोट घालतात. २००६ पासून ही पद्धत आहे. तरीही ताऱ्याची नोट नकली असल्याची अफवा व्हॉट्सॲपवर इतकी पसरली की २७ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. ज्या ताऱ्याला लोक भितात, तो प्रेसने आपली चूक वेळीच पकडल्याची खूण आहे.

या अज्ञानावर काही जण पोट भरतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने पहिल्या पगारातून साडेसहा हजारांना 'बिननंबरी' शंभराची नोट ऑनलाइन घेतली. मी ती अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली, तर नंबराच्या जागी पुसट आकडे उजळले. रसायनाने नंबर धुतला होता. नखाने हलकेच चाचपले, तर तेवढ्याच जागी कागदाची लव उठलेली. विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही. 'अमुक नोट असेल तर लखपती व्हाल' असे व्हिडिओ पाहून आधी 'कमिशन' भरणाऱ्यांची गोष्ट तर याहून वाईट. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते, असा इशारा खुद्द त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक शाखेत कॅश काउंटरशेजारी मराठीत एक तक्ता लावावा. चुणीची नोट, जादा कागदाची नोट, न जुळणारे नंबर, ताऱ्याची नोट यांची मोठी चित्रे, शेजारी नकली नोटेची लक्षणे आणि अशी नोट हाती आली तर काय करायचे, एवढे पुरे. नव्या कॅशियरला नकली नोट ओळखायला शिकवतात, तेव्हा त्याच बैठकीत छपाईची चूकही ओळखायला शिकवावी. मला ती कोणी शिकवली नव्हती. पहिली दहा वर्षे अशा किती खऱ्या नोटा मी संशयाने ग्राहकापुढे सरकवल्या असतील, ते आठवले की आजही बरे वाटत नाही.

दादरची ती मुलगी हे पत्र वाचत असेल, तर तिला सांगते: नोट लॅमिनेट करू नकोस आणि चुणीवर इस्त्री तर मुळीच फिरवू नकोस. पीव्हीसी हे प्लास्टिक नसलेल्या पाकिटात ती सपाट ठेव.

आपली,
एक निवृत्त कॅशियर,
लालबाग, मुंबई