लेट्रोझोल सुरू करणाऱ्या आमच्या मॅडमना, मनापासून थँक्यू

मॅडम नमस्कार, ओपीडीत तुमच्याशी निवांत बोलता येत नाही, बाहेर पेशंट ताटकळलेले असतात, म्हणून इथे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण आईसारखाच ट्युमर असलेली एखादी बाई कुठेतरी घाबरून बसलेली असेल.

आईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि अचानक परत अंगावरून जायला लागलं, बायका म्हणाल्या उष्णता असेल. निघाला ओव्हरीचा ग्रॅन्युलोसा सेल ट्युमर. ऑपरेशन झालं, आई ठणठणीत झाली आणि मग कितीतरी वर्षांनी पोटात परत गाठी. एका ठिकाणी तर आईच्या तोंडावर सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही.

तुम्ही फाईल पहिल्या पानापासून वाचलीत, जुन्या स्लाइड्स परत तपासायला लावल्यात. मग केसपेपर उलटा करून पेनने चित्र काढलंत, आणि मला नाही तर आईला समजावलंत की ही गाठ स्वतःच इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनवते, म्हणून तेव्हा ब्लीडिंग झालं, ते बनायला ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम लागतं आणि लेट्रोझोल त्यालाच अडवतं, रोज २.५ मिलिग्रॅमची एक गोळी. सातवी शिकलेल्या आईने घरी येऊन बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं!

खोटी आशा पण दाखवली नाहीत. पॅरॅगॉन नावाच्या औषधाच्या ट्रायलमध्ये याच जातीच्या ॲनास्ट्रोझोलने गाठी लहान झालेल्या अगदी थोड्या, पण बऱ्याच जणींचा आजार निदान तीन महिने तरी वाढला नाही, तेव्हा आपण थोपवायचं बघू, असं स्पष्ट बोललात. आम्हाला तेच हवं होतं.

केमिस्ट म्हणाला ही तर ब्रेस्ट कॅन्सरची गोळी, चुकून लिहिली असेल, आणि आई पार हादरली, तेव्हा तुम्ही फोनवर तिच्याशी स्वतः बोललात. आणि मी दारातून परत वळून विचारलं होतं की मलाही होईल का, तर या ट्युमरमागचा फॉक्स-एल-टू नावाच्या जीनमधला बदल २००९ मध्ये सापडला, तो गाठीतच घडतो, आईकडून मुलीकडे येत नाही, हे तुम्ही उभ्या उभ्याच पण नीट सांगितलंत, त्या रात्री मी शांत झोपले.

आता रक्तातला इनहिबिन बी, म्हणजे ही गाठ सोडते ते हार्मोन, उतरलाय, सीटीत गाठी आहेत तेवढ्याच आहेत. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, मधेच अंगातून वाफा निघतात, पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे आई गोळी चुकवत नाही, कॅल्शियमही घेते. पुढच्या वेळी डेक्साचा, म्हणजे हाडांच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन येतो. सिस्टरनाही थँक्यू सांगा, आणि आईचा तुम्हाला नमस्कार.