जिथं कुणी वळून बघत नाही

अक्रा, घाना

प्रिय सुनील,
सप्रेम जयभीम.

फोटोत माझ्याशेजारी उभ्या असलेल्या बाईंबद्दल तू विचारलंस. फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून सवडीनं लिहितोय. त्या आमच्या समोरच्या घरात राहतात. अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांची सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घर विकलं आणि इकडे आल्या. तू लिहिलंस, ‘लोक अमेरिकेत जायला धडपडतात आणि ही बाई तिथून आफ्रिकेत?’ हा प्रश्न त्यांना त्यांच्या सख्ख्या बहिणीनंही विचारला होता.

त्यांचं उत्तर साधं आहे. तिकडे दुकानात शिरलं की पहारेकरी मागेमागे फिरायचा. मुलगा गाडी घेऊन बाहेर पडला की तो परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. पोलिसांनी अडवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज किती खाली ठेवायचा, हे त्यांनी पोराला गाडी शिकवण्याआधी शिकवलं होतं. इथं बँकेचा मॅनेजर काळा, न्यायाधीश काळा, नोटांवरचे चेहरेही काळेच. रस्त्यानं चालताना कुणी वळून बघत नाही. साठी उलटल्यावर हे पहिल्यांदा वाट्याला आलं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना.

ही वाट जुनी आहे बरं का. होस्टेलवर आपण ज्यांच्याबद्दल तासन्‌तास बोलायचो ते ड्यू बॉइस, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडलेले विद्वान, याच शहरात वारले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना यायचं होतं, पण अमेरिकेच्या सरकारनं पासपोर्टच दिला नाही. शेवटी १९६१ साली, वयाच्या ९३व्या वर्षी, घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या बोलावण्यावरून ते आले, आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करायला! पुढे अमेरिकेनं पासपोर्टची मुदत वाढवून दिली नाही, तेव्हा त्यांनी घानाचं नागरिकत्व घेतलं. २७ ऑगस्ट १९६३ ला ते गेले. दुसऱ्या दिवशी काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात जमलेल्या लोकांना व्यासपीठावरून ती बातमी सांगितली गेली.

कँटोन्मेंट्स भागातलं त्यांचं घर आता स्मारक आहे आणि समाधी तिथंच आहे. बाईंना घेऊन गेलो होतो. तिथं मी त्यांना बाबासाहेबांच्या पत्राची हकीकत सांगितली. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपल्यावरच्या अन्यायाबद्दल संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. अस्पृश्यांसाठीही तसंच करायचा विचार आहे, म्हणून बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि जुलै संपता संपता त्यांना उत्तरही मिळालं. बाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण हे त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्या बाबासाहेबांबद्दलच विचारत होत्या. त्यांचं कोलंबियातलं शिक्षण, महाड, नागपूर, सगळं मला सांगावं लागलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण नुसतं येऊन माणूस इथला होत नाही. बाजारात बाईंनी तोंड उघडलं की अमेरिकन हेल कळतो आणि टोमॅटोचा भाव चढतो. घरभाड्याचं तर विचारूच नकोस. सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तरी मालक सर्रास एक-दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. जमिनीचं त्याहून अवघड. बरीचशी जमीन पारंपरिक राजांच्या गादीची किंवा कुळांची असते आणि एकाच तुकड्याचे दोन-दोन धनी निघतात. रिकाम्या भिंतींवर लाल रंगात लिहिलेलं दिसतं, ‘ही जमीन विक्रीला नाही.’ परदेशी माणसाला जमीन कायमची मिळत नाही, जास्तीत जास्त पन्नास वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. बाईंना एका दलालानं आधीच विकलेला प्लॉट दाखवला होता, पण सर्व्हेअरनं वेळीच सावध केलं.

सरकारनं दारं उघडली आहेत, हे खरं. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून नेलं त्यांना इथं राहण्याचा हक्क देणारा कायदा २००० साली झाला. अमेरिकेत व्हर्जिनियाला पहिले आफ्रिकन गुलाम उतरवले त्याला ४०० वर्षं झाली म्हणून २०१९ हे ‘परतीचं वर्ष’ पाळलं गेलं. त्या वर्षी १२६ जणांना एकदम नागरिकत्व दिलं आणि २०२४ मध्ये ५२४ जणांना. बाईंचा अर्ज अजून चालू आहे.

डॉलर घेऊन लोक येतात आणि आमची भाडी वाढतात, अशी इथल्या पोरांची तक्रार असते. मला ती रास्त वाटते. बाईंनाही वाटते. त्या संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना वाचायला शिकवतात, पैसे घेत नाहीत.

गुलामांना जहाजात चढवण्याआधी जिथं कोंडून ठेवायचे त्या केप कोस्टच्या किल्ल्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण लिहवत नाही. खाली पुरुष गुलामांना कोंडायची अंधारकोठडी आणि बरोबर तिच्या डोक्यावर इंग्रजांचं प्रार्थनाघर. वर प्रार्थना चालायची तेव्हा खाली माणसं मरत होती. समुद्राकडे उघडणाऱ्या दारातून गेलेले परत आले नाहीत. १९९८ साली मात्र दोन गुलामांचे अवशेष, एकाचे जमैकातून आणि एकाचे अमेरिकेतून, त्याच दारातून आत आणले आणि घानातल्याच आसिन मान्सो गावी पुरले. बाई त्या दाराशी बराच वेळ हात टेकून उभ्या होत्या. मी लांबच थांबलो.

माझ्या मते त्या इथल्या झाल्या त्या एका मयतीनं. गल्लीतली म्हातारी गेली. इथं अंत्यविधी बहुतेक शनिवारी असतो, लाल-काळे कपडे, मांडव, भोंगे, शेकडो माणसं. कुणी किती मदत दिली ते आपल्याकडच्या आहेरासारखं नाव घेऊन पुकारतात. कुटुंबानं बाईंकडे वर्गणी मागितली, पाहुणीला मागणार नाहीत अशा हक्कानं. आदल्या रात्री शंभर माणसांच्या जेवणासाठी त्या कांदे चिरत बसल्या होत्या. ‘मला मागितलं,’ हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

सुनील, मला हे इतकं का भिडतं ते तुला वेगळं सांगायला नको. इथं माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. औषधांच्या गोदामात मी फक्त ‘मिस्टर अजय’ आहे. इथल्या भारतीयांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मात्र पंधरा मिनिटांत ‘मूळ गाव कुठलं? म्हणजे आडनाव काय?’ सुरू होतं. तेच लोक गाडीतल्या घानाच्या ड्रायव्हरबद्दल त्याच्या देखत हिंदीत जे बोलतात ते ऐकून मान खाली जाते. मी आता गप्प बसत नाही. दोन घरांशी बोलणं तुटलं, तुटू दे.

म्हणून ‘टांझानियाच्या विद्यार्थ्याला फ्लॅट भाड्यानं द्यावा का?’ या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आढेवेढे न घेता देतो. त्या मुलाला पुण्यातला कोंढव्याचा फ्लॅट दे. सोसायटीचे लोक ‘फॅमिलीवाले राहतात’ म्हणतायत, तर त्यांना विचार की आपल्याला औरंगाबादला खोली नाकारताना घरमालकीण याहून वेगळं काय म्हणाली होती? तो मुलगा फी भरून शिकायला आलाय, त्याच्याकडे व्हिसा आहे, कॉलेजचं पत्र आहे. करारनामा रीतसर नोंदव आणि तो राहायला आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भर. परदेशी भाडेकरूसाठी ते मालकालाच करावं लागतं. कमिटीनं पाणी-लिफ्टवरून त्रास दिला तर लेखी घे, तोंडी भांडू नकोस. अनामत रक्कम इतरांकडून घेतोस तेवढीच घे, एक रुपया जास्त नको.

आणि त्याचं नाव नीट विचारून घे, दारावरच्या पाटीवर तुझ्या नावाखाली लाव. वहिनींना आणि काकूंना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. गोळ्या संपल्या असतील तर मला नाव पाठव.

तुझाच,
अजय