ओढा आढळून आला नाही

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी "हे क्लायमेट चेंजचं सगळं थोतांड आहे" असं बोलून गेलो आणि तू फोन ठेवलास. शब्द चुकला, तो मागे घेतो. त्यामागचं जे म्हणणं आहे ते मात्र मागे घेत नाही, म्हणून हे पत्र.

हवा तापते आहे हे मला मान्य आहे. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा 2020 चा अहवाल तूच मला पाठवला होतास. 1901 ते 2018 या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढलं. मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळण्याचे प्रसंग 1950 पासून सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. ही नोंदी ठेवणारी माणसं आहेत. मीही जन्मभर नोंदीच ठेवल्या, नोंदीवर माझा विश्वास बसतो. माझा राग आहे तो या नोंदींच्या आडोशाला जाऊन उभं राहणाऱ्यांवर.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठव. कात्रजकडून आंबिल ओढा असा काही फुगला, की अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल, सगळीकडे घरांत पाणी. शहर आणि जिल्हा मिळून वीसच्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी जो तो ढगफुटी आणि हवामान बदल एवढंच बोलत होता. ओढ्याचं पात्र मूळचं केवढं, आज केवढं उरलंय, मधली जागा कोणी भरली आणि कोणी भरू दिली, हे विचारणारे आवाज चार दिवसांत थकले. अगं, हाच ओढा नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या तळ्यासाठी वळवला होता. पण तेव्हा त्याला दुसरी वाट करून दिली होती. आपण नुसती वाट घेतली.

पुन्हा 25 जुलै 2024. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर येईल ते निळी पूररेषा दाखवते. ती नकाशावर असते, लपवलेली नसते.

आता जे लिहितो ते मी आईलाही इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही.

भूकरमापक म्हणून, म्हणजे जमिनींची सरकारी मोजणी करायला लागून, मला सातआठ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शहराच्या पश्चिमेकडच्या एका गावात मोजणी लागली. जुन्या टिपणात, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या आराखड्यात, त्या जमिनीतून ओढा स्वच्छ दाखवलेला, सातबाऱ्यावरही पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत, तेवढं क्षेत्र धरलेलं. जागेवर गेलो तर राडारोडा टाकून सगळं सपाट केलेलं, वर मुरूम पसरलेला. एका कडेला तेवढी करंजाची दोन झाडं आणि ओलसर माती. ओढा कुठून जात होता हे मला उभ्या उभ्या दिसत होतं. मी शेऱ्यात लिहिलं, "ओढा जागेवर आढळून आला नाही." पैसे घेतले नाहीत, तसा दबावही कोणी आणला नाही. संध्याकाळ होत आली होती, पुढच्या गावची मोजणी राहिली होती, आणि जागेवर तो खरंच दिसत नव्हता. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. आज तिथे बारा मजल्यांच्या चार इमारती आहेत. दर पावसाळ्यात त्यांच्या तळघरात पाणी भरतं आणि मार्चपासून त्याच इमारतींना टँकर लागतात.

म्हणून मला तो पृथ्वीचा ताप नको वाटतो. आपल्या वळणावरच्या भिंतीवर चित्र आहे ना, तोंडात थर्मामीटर धरलेल्या पृथ्वीचं? ती भिंत नाल्याच्या पात्रात बांधलेली आहे. शेजारची पोरं तिथे उभी राहून प्लॅस्टिकची पिशवी वापरणार नाही अशी शपथ घेतात. पोरांचं काही चुकत नाही. पण पृथ्वी सगळ्यांची म्हटली की चूकही सगळ्यांची होते, आणि सगळ्यांच्या चुकीत माझं ते एक वाक्य कुणाला सापडणार? त्याला गट नंबर आहे, तारीख आहे, खाली माझी सही आहे. पाऊस वाढणार असं तुमचे शास्त्रज्ञ सांगत असतील, तर ओढे पूर्वीपेक्षा रुंद ठेवायला हवे होते. आपण उलट केलं. 2017 ला 11 गावं शहरात घेतली, 2021 ला आणखी 23. गावं आत येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्यात इमारती उभ्या राहिल्या होत्या. गटारं आणि पाण्याच्या लाइनी मागून येणार म्हणाले.

तू रिपोर्ट लिहितेस, कार्बनचे आकडे मांडतेस. चांगलं काम आहे, सोडू नकोस. फक्त एखाद्या रिपोर्टात ओढ्याचं नाव आणि गट नंबरही येऊ दे, एवढं मागतो.

आणि एक. जावईबापू ज्या फ्लॅटचं म्हणत होते त्याची बुकिंगची रक्कम इतक्यात भरू नका. ब्रोशरमध्ये मागच्या बाजूला 'नैसर्गिक हिरवा पट्टा' म्हणून दाखवलाय, तो मला सरळ वाटत नाही. गट नंबर कळव. टिपणाची नक्कल मी स्वतः जाऊन काढतो आणि जागेवरही जाऊन येतो. पावसाळा संपायच्या आत गेलं तर बरं, म्हणून उत्तर लवकर पाठव.

तुझा,
बाबा