रेवडे, एक फोल्डर पाठवतेय

प्रिय रेवडे,

माहितीये, शिव्या घालणार आहेस. पोरीच्या बारशाला आले नाही, नंतर साधा फोनपण नाही. घाल. माझी तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच, बाबा रोज तळजाईला जातात. झालं. आता मुद्द्यावर येते, कारण हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही, त्यांना एकतर यात पेपर दिसतो नाहीतर मला झोपेची गरज आहे असं वाटतं.

सध्या एएफेमवर (तेच, बारीक सुईनं रेणू चाचपणारं सूक्ष्मदर्शक) रात्रीच बसते. पथकांची प्रॅक्टिस सुरू झालीये ना, संध्याकाळी ढोल वाजायला लागले की टेबल हवेवर तरंगतं असलं तरी बेसलाईन नाचते. तुझ्या नावानं रोज दोन शिव्या जातात, तूही याच पापातली. तर सगळं शांत झालं की टिप, म्हणजे ती सुई, प्रोटीनवर टेकवायची, नशिबानं एखादा रेणू चिकटला तर हळूहळू वर ओढायचं, टिप जिच्या टोकाला असते ती पट्टी, म्हणजे कँटिलिव्हर, किती वाकतोय ते लेझर सांगतो. आमचं प्रोटीन मधे आणि दोन्हीकडे टायटिन या स्नायूतल्या प्रोटीनचे आय-२७ डोमेन, म्हणजे घडी घातलेले तुकडे, ओळखपत्र म्हणून. एकेक डोमेन स्वेटर उसवल्यासारखा सुटतो, बळ आणि अंतराच्या कर्व्हवर दर वेळी एक दात, साधारण २०० पिकोन्यूटनला, आणि दोन दातांत २८ नॅनोमीटर. १९९७ ला म्युनिकच्या लोकांनी टायटिन ओढून असे करवतीचे दात दाखवले तेव्हापासून हे दात दिसले की समजायचं, हां, एकच रेणू आहे.

पण बहुतेक कर्व्हमध्ये काहीच नसतं गं. चिकटतच नाही, नाहीतर तीन-चार एकदम चिकटतात आणि नुसता गुंता. ते फेकायचे, मोजके ठेवायचे. यात चोरी नाही, सगळं जग असंच करतं. आता झालंय असं की काही कर्व्हमध्ये पहिल्या दाताच्या आधी एक बारका उंचवटा येतोय, ६०-७० पिकोन्यूटनचा. सर जाम खूश! म्हणजे आमचं प्रोटीन एका दमात सुटत नाही, वाटेत कुठेतरी थांबतं. असेलही. पण कँटिलिव्हर पाण्यात नुसता ठेवला तरी १५-२० पिकोन्यूटन थरथरतो, आणि पृष्ठभागाजवळ टिपला फालतू काही चिकटून सुटलं तरी डिट्टो असाच उंचवटा येतो. वर आय-२७ चा स्वतःचा एक असतो तो वेगळाच, १०० च्या आसपास, १९९९ पासून माहीत असलेला.

आणि खरी भीती पुढेच आहे. मला तो आता सगळीकडे दिसायला लागलाय. जुन्या फाईली उघडल्या, तिथेही आहे. आधी का दिसला नव्हता? सरांना विचारलं तर म्हणाले, "तुझी नजर तयार झाली." अगं, मला त्याचीच तर धास्ती आहे! मी म्हटलं कुठला कर्व्ह घ्यायचा त्याचा नियम आधी लिहून काढू, मग डेटा उघडू, तर म्हणे अशा नियमात सगळ्यात चांगले कर्व्ह गळतात. आणि वाईट म्हणजे ते अगदीच चूक नाहीयेत.

एमेस्सीला डीएनएचं पहिलं चित्र आलं तेव्हा मी कँटीनभर नाचत होते आणि तू चहाचा घोट घेत म्हणालीस, २ नॅनोमीटरचा धागा १५ चा कसा दिसतो, हा तर टिपचा फोटो आहे. त्यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं. चित्र चांगलंच होतं, हे मी अजूनही म्हणते. पण टिपबद्दल तू बरोबर होतीस (हे वाक्य जपून ठेव, परत मिळणार नाही).

म्हणून तुला एक फोल्डर पाठवतेय. आमच्या प्रोटीनचे कर्व्ह आणि नुसत्या आय-२७ चे, सगळे एकत्र कालवून, नावं काढून. पोर झोपली की बस आणि प्रत्येकापुढे लिही, उंचवटा आहे, नाही, सांगता येत नाही. माझ्यावर दया करायची नाही. लॅबमधल्या कुणाला दिले तर ते आधी माझ्या तोंडाकडे बघतील. सरांना अजून सांगितलं नाहीये, तुझं उत्तर आलं की काहीही असो, सांगणार.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? शाळेत परत कधीपासून? त्या हेडबाई अजून तशाच का? नाशिकला दिवाळीनंतर येते, नक्की. पोरीचे फोटो पाठव, सगळ्यात ती झोपलेलीच का असते?

तुझीच,
मुक्ती

ता.क. कुठली फाईल कशाची ती यादी माझ्याकडे नाही, ज्युनियरकडे दिलीये आणि तो पक्का आहे. त्यामुळे फोन करून "निदान हा तरी सांग" करू नकोस.